बटाट्याचं श्वसन आणि कमला भागवत

‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन.’ पेटची तयारी करणारे एमएस्सीवालेसुद्धा हे बिनधास्त बोलतात. श्वसन तर चोवीस तास चालू असतं, आणि प्रत्येक जिवंत पेशीत. जमिनीखालच्या बटाट्याला उजेड नाही, हरितद्रव्य नाही. पण पानांनी पाठवलेल्या साखरेवर तोही श्वसन करतोच.

या बटाट्यावर केंब्रिजमध्ये एका मराठी मुलीने काम केलं. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. 1933 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी आधी त्यांना मुलगी म्हणून नकार दिला, मग वर्षभराच्या प्रोबेशनवर घेतलं. (नोबेलवाला माणूसही असा वागतो!) पुढे केंब्रिजला त्या रॉबिन हिल यांच्यासोबत काम करू लागल्या. वनस्पतींच्या श्वसनातही सायटोक्रोम सी भाग घेतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. 1939 मध्ये पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता असं सांगतात.

सायटोक्रोम म्हणजे लोह असलेलं प्रथिन. त्यातलं लोह एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं. श्वसनात अन्नातले इलेक्ट्रॉन अशा साखळीतून उतरत ऑक्सिजनपर्यंत जातात, पाणी तयार होतं आणि वाटेत सुटलेल्या ऊर्जेवर एटीपी बनतं.

आता गंमत बघा. हेच हिल त्याच काळात हरितलवकांवरही काम करत होते. पानातून वेगळी काढलेली हरितलवकं, योग्य लोहक्षार आणि प्रकाश दिला की कार्बन डायऑक्साइडशिवायही ऑक्सिजन सोडतात, हे त्यांनी 1937 मध्ये दाखवलं. म्हणजे इथे इलेक्ट्रॉन पाण्यातून निघतात आणि प्रकाश त्यांना वर ढकलतो. पुढे हिलना हरितलवकातही सायटोक्रोम सापडलं. त्याला ‘एफ’ नाव दिलं, पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून. 1960 मध्ये फे बेंडॉल यांच्यासोबत त्यांनी जी मांडणी केली, तीच आपली झेड-स्कीम.

म्हणून ‘एक क्रिया दुसरीच्या उलट’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. कच्चा माल आणि उत्पादन पाहिलं तर ते ठीक आहे, पण केल्विन चक्र म्हणजे उलटं फिरवलेलं क्रेब्ज चक्र नव्हे. खरं नातं इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या या प्रथिनांत आहे. एकदा दोन्ही साखळ्या शेजारी-शेजारी काढा, आणि सायटोक्रोम कुठे कुठे येतात त्यावर लाल पेनाने गोल करा.