होकाराचे मोल: ‘एफ’ चाचणीची कथा

१/ हुकूमशहामागे निमूटपणे जाणारा माणूस आधीच ओळखता येईल का? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत काही अभ्यासकांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांची चाचणी जगभर गाजली आणि तिच्यातील शब्दरचनेनेच ती अडचणीत आली. त्याचा हा इतिहास. 🧵

२/ थिओडोर अडॉर्नो जर्मनीतून आणि एल्स फ्रेंकेल-ब्रुन्स्विक व्हिएन्नातून, नाझींमुळे परागंदा झालेले. बर्कलीत त्यांना नेव्हिट सॅनफर्ड व डॅनियल लेव्हिन्सन यांची साथ लाभली. १९५० साली त्यांचा ‘द ऑथॉरिटेरियन पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील ‘एफ’ श्रेणी, म्हणजे फॅसिझमकडील कल मोजणारी प्रश्नावली, विशेष गाजली.

३/ प्रत्येक विधान किती पटते, हे +३ ते -३ या अंकांत नोंदवायचे. मधले शून्य नव्हते. खरी मेख मात्र वेगळीच होती. सारी विधाने एकाच दिशेची: आज्ञाधारकपणा, कडक शिक्षा यांची भलामण करणारी. जितके होकार अधिक, तितका माणूस हुकूमशाहीकडे झुकलेला ठरे.

४/ पण होकार नेहमी मतातूनच येतो का? कोणी भिडेखातर मान डोलावतो, तर कोणी काम उरकण्यासाठी. निम्मी विधाने उलट दिशेची असावीत, असे रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ सालीच सुचवले होते. उत्तर देण्याच्या अशा सवयींविषयी ली क्रॉनबॅक यांनीही १९४६ मध्ये सावध केले होते.

५/ १९५४ मध्ये हायमन व शीट्स्ली यांनी दाखवले की, ज्याला व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हटले गेले, त्यातील बराचसा फरक शिक्षणाचा असू शकतो. म्हणजे शाळा लवकर सुटलेल्या माणसावर हुकूमशाही वृत्तीचा शिक्का बसण्याचा धोका होता!

६/ १९५५ मध्ये बर्नार्ड बास यांनी विधाने उलटी करून पाहिली. मूळ विधान मान्य करणाऱ्याने उलट विधान तितक्याच ठामपणे नाकारायला हवे होते. तसे घडले नाही. मात्र वाद इथेच मिटला नाही. नेमके उलट विधान लिहिणे अवघड असते, आणि होकाराच्या सवयीचे महत्त्व फुगवले गेले आहे, असा आक्षेप लिओनार्ड रोरर यांनी १९६५ मध्ये घेतला.

७/ १९८१ मध्ये कॅनडातील बॉब आल्टमायर यांनी दोन्ही दिशांची विधाने समतोल राखून नवी श्रेणी मांडली. तरीही हुकूमशाहीकडील कल मोजता आला. मूळ प्रश्न सार्थच होता. दोष मोजपट्टीत होता.

८/ यापुढे एखादी व्यक्तिमत्त्व चाचणी समोर आली, तर आधी एवढे पाहा: प्रत्येक ‘हो’ तुम्हाला एकाच बाजूला तर नेत नाही ना?