खानदेशातील व्यसनप्रश्न : महसूल, प्रतिज्ञा आणि उपचार

खानदेशच्या अर्वाचीन इतिहासात मादक द्रव्यांच्या प्रश्नाकडे राज्यसंस्थेने प्रथम महसुलाच्या, नंतर दंडविधानाच्या आणि अगदी अखेरीस आरोग्याच्या दृष्टीने पाहिले. परिणामी व्यसनी मनुष्य दीर्घ काळ करदाता वा अपराधी म्हणून नोंदला गेला. रुग्ण म्हणून त्याचा विचार फार उशिरा झाला. मधली पोकळी कोणी भरून काढली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू घरीच गाळली जाई. लग्नकार्यात व देवकार्यात तिला मानाचे स्थान होते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे गुन्हा ठरले. त्यामुळे मद्यपान थांबले नाही. केवळ घरच्या भांड्याची जागा मक्तेदाराच्या दुकानाने घेतली व त्यामागोमाग उधारी आली. त्याच वर्षीच्या अफू कायद्याने अफूचाही व्यापार परवान्याखाली आणला. 1893 मध्ये नेमलेल्या शाही अफू आयोगाने 1895 च्या अहवालात सरसकट बंदीची आवश्यकता नाकारली. व्यसनमुक्तीची व्यवस्था या धोरणात कोठेच नव्हती.

या परिस्थितीला पहिले प्रभावी उत्तर समाजातूनच आले. तत्कालीन पश्चिम खानदेशातील तळोदे तालुक्यात 1938 च्या सुमारास गुला महाराजांनी भिल्लांमध्ये आरतीचे मेळावे भरविले. दारू सोडावी, नित्य स्नान करावे, एकमेकांस ‘आप’ म्हणून संबोधावे, असा त्यांचा उपदेश होता. त्यांच्या निधनानंतर बंधू रामदास महाराजांनी हे कार्य पुढे चालविले. या चळवळीकडे केवळ धार्मिक सुधारणा म्हणून पाहणे अपुरे आहे. येथे प्रतिज्ञा चारचौघांसमक्ष होई, आणि ती पाळण्यास साऱ्या वस्तीचा आधार मिळे. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ संघटनेनेही समूहाच्या याच शक्तीवर भर दिला होता. मात्र दीर्घकालीन मद्यपी एकाएकी दारू सोडतो, तेव्हा कंप, झटके व वातभ्रम उद्भवून प्राणावरही बेतू शकते. त्यावर प्रतिज्ञेजवळ औषध नव्हते.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात वैद्यकीय कारणासाठी परवान्याची सोय होती. परंतु डॉक्टरच दुर्लभ असलेल्या डोंगराळ भागात तिचा उपयोग किती होणार? तेथे कायद्याचा परिचय मुख्यतः पोलिसांच्या धाडींतूनच होणे स्वाभाविक होते. 1960 मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश जिल्ह्यांस अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. त्यानंतर धुळे जिल्ह्यातील शहादे तालुक्यात 1972-73 च्या सुमारास श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. मजुरीचा पैसा दारूत जाई आणि मार घरातील स्त्रीस सोसावा लागे. म्हणून हा प्रश्न त्यांनी मजुरीच्या लढ्याशी जोडला.

उपचाराची संस्थात्मक व्यवस्था मात्र खानदेशाबाहेर उभी राहिली. येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी ही राज्यातील जुनी मनोरुग्णालये. त्यांपैकी एकही तापीकाठी नाही. डॉ. अनिता अवचट यांनी 1986 मध्ये स्थापन केलेले मुक्तांगण पुण्यात आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने शासनास उपचारकेंद्रे स्थापण्याचा अधिकार दिला, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा मानसिक आजारांत समावेश केला. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा पहिला वर्ग 2018 मध्ये भरला. हक्क कायद्यात आला. पण अक्राणीच्या मजुरास तो मिळविण्यासाठी मजुरी बुडवून, प्रवासखर्च सोसून घरापासून दूर राहावे लागते.

सारांश, खानदेशात व्यसन सोडण्याची इच्छा नव्हती असे इतिहास दाखवीत नाही. 1938 चे मेळावे व शहाद्याच्या स्त्रिया यांची साक्ष याच्या विरुद्ध आहे. उणीव होती ती त्या इच्छेस वेळीच व जवळच मिळणाऱ्या वैद्यकीय साहाय्याची. म्हणून या प्रदेशातील उपचारसेवेचा विचार करताना दवाखाना व वस्तीतील समूह यांची सांगड घालणे इतिहासदृष्ट्याही सयुक्तिक ठरते.