मोट ते मोटर

परवा बऱ्याच दिवसांनी गावी जाऊन आलो. गाव पारनेर तालुक्यातलं, म्हणजे पाऊस बेताचाच. जुन्या विहिरीवरचं थारोळं अजून शाबूत आहे. त्यात आता शेळीची करडं बसतात!

आजोबांची मोट मी पाहिली नाही, फक्त ऐकली आहे. कातड्याची मोट, नाडा, सोंदूर आणि धावेवर मागेपुढे करणारी बैलजोडी. बैल दमले की सोडायचे. तेवढ्या वेळात झऱ्यांनी विहीर पुन्हा भरायची.

मग वडिलांच्या काळात इंजिन आलं. किर्लोस्करांनी १९२६ सालीच सेंट्रिफ्यूगल पंप बनवला होता आणि १९४६ साली पुण्यात त्यांचा ऑइल इंजिनचा कारखाना निघाला. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण खरी गंमत वेगळीच आहे. आतला पंखा पाणी बाहेर फेकतो, तिथला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा विहिरीतलं पाणी पाइपातून वर ढकलते. हवेचा हा जोर फार तर १०.३ मीटर, प्रत्यक्षात सात-आठच. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वडील पंपही विहिरीत खाली उतरवायचे. 'फुटबॉल' गळला की पुन्हा पंपात पाणी भरत बसायचं.

सबमर्सिबलने ही अडचणच संपवली. ओढायचं नाही, खालूनच ढकलायचं! मोटर पाण्यात, वर एकावर एक रचलेले पंखे. प्रत्येक पंखा दाब वाढवत नेतो. पंखे वाढवा, खोली वाढवा. १९७२ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेतले गेले. पुढे ते शेतीलाही आले. आम्ही तीन घेतले. दोन कोरडे गेले आणि विहीरही आटली.

आपल्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. तिथे पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच पिकं ठरवतात. पंप तेच, फक्त किती उपसायचं ते गाव ठरवतं.

निघताना दादाने विचारलं, "चौथा घ्यायचा का? यंदा आणखी खोल जाऊ. निम्मे पैसे तू घाल."

बैल दमायचे, म्हणून विहीर भरायची. ही मोटर दमत नाही. दादा, तू हे वाचशीलच. पैसे पाठवतो, पण बोअरसाठी नाही. आधी विहिरीतला गाळ काढू आणि वरच्या अंगाचे बांध नीट करू. बघ, पटतंय का.