भाव, बाहुली आणि यंत्र

यंत्राला भावना असतात का, हा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. प्रश्न रास्त आहे. पण या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकांनी आधी एक जुना प्रश्न हाती घ्यावा: रंगात, शाईत किंवा लाकडात जो भाव नसतो, तो पाहणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात कसा जागा होतो? चित्रकार, लेखक आणि यंत्रमानव घडवणारे अभियंते यांची गाठ पडते ती इथे.

या प्रश्नाची आपल्याकडे झालेली मशागत थोडीथोडकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचे सहावा आणि सातवा हे अध्याय रस आणि भाव यांच्याच विवेचनासाठी आहेत. तिथे एकूण 49 भाव मोजले आहेत: 8 स्थायी, 33 व्यभिचारी (म्हणजे येत-जात राहणारे) आणि 8 सात्त्विक. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्ताने रसाचे स्थान रसिकाच्या आस्वादात दाखवले. मराठीत रा. श्री. जोग आणि ग. त्र्यं. देशपांडे यांनी ही चर्चा आस्थेने पुढे नेली. ही परिभाषा जुनी आहे म्हणून बिचकू नका. आजच्या प्रयोगशाळेतही ती उपयोगी पडते.

उदाहरणादाखल 'किस्मेट' पाहा. 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एमआयटीमध्ये सिंथिया ब्रेझील यांनी घडवलेले हे यंत्र म्हणजे धड नसलेले नुसते डोके: मोठे निळे डोळे, हलत्या भुवया, लाल ओठ, हलणारे कान. त्याला शब्दांचा अर्थ कळत नसे. बोलणाऱ्याच्या आवाजातला चढउतार तेवढा तो टिपत असे. रागावून बोलले की तो मान खाली घाली. भरताच्या भाषेत, इथे अनुभाव, म्हणजे भाव बाहेर दाखवणाऱ्या हालचाली, आहेत, पण घाम, रोमांच, अश्रू, चेहऱ्याचा उडालेला रंग हे सात्त्विक भाव नाहीत. सात्त्विक भावांसाठी भरत नटाचे एकाग्र मन मागतो. माझ्या मते या विषयाचा सर्वांत सकस भाग हाच आहे. वाचकांनी इथे सवडीने थांबावे.

हुबेहूब साम्य साधले की भाव पोचतो, असेही नाही. यंत्रमानव जवळजवळ माणसासारखा झाला की पाहणारा अचानक दचकतो, असे जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी 1970 साली मांडले आणि त्याच विवेचनात जपानच्या बुनराकू बाहुल्यांचा गौरवाने उल्लेख केला. बुनराकूची एक मोठी बाहुली तिघेजण मिळून चालवतात. सगळे प्रेक्षकांसमोर, तरीही भाव पोचतो. आपल्या कोकणातल्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्याही कोरलेल्या, न बदलणाऱ्या चेहऱ्याने रामायण उभे करतात.

एक फरक मात्र नजरेआड होऊ देऊ नका. नाटकाच्या प्रेक्षकाला आपण नाटक पाहतो आहोत हे ठाऊक असते. सीलच्या पिल्लासारखा दिसणारा जपानी 'पारो' स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुशीत दिला जातो, तेव्हा ही जाणीव दोन्हीकडे सारखी असेलच असे नाही. त्यातून मिळणारा दिलासा खरा असतो. पण तो देणाऱ्यांची जबाबदारी नटाच्या जबाबदारीहून जड आहे.

तेव्हा सुरुवात यंत्रापासून करू नका. आवडती एखादी कथा घ्या, ती वाचताना गळा कुठे दाटून आला ते वाक्य शोधा, आणि लेखकाने तिथे काय सांगितले व काय सांगायचे टाळले, हे लिहून काढा. मग पुढची प्रकरणे उघडा.