प्ल्यु-क-पार्फे (फ्रेंच पूर्वभूतकाळ)

प्ल्यु-क-पार्फे : फ्रेंच भाषेतील पूर्वभूतकाळ. भूतकाळातील एखाद्या घटनेच्याही आधी घडून गेलेली क्रिया या काळाने सांगतात. सहायक क्रियापदाचा अपूर्ण भूतकाळ (ऐंपार्फे) आणि मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित यांच्या जोडणीने तो होतो. सहायके दोन : ‘आव्वार’ (जवळ असणे) आणि ‘एत्र’ (असणे). मराठीतील पूर्ण भूतकाळाशी (‘गेला होता’) याची घडण चांगली जुळते. वापर मात्र सगळीकडे जुळत नाही, आणि मराठी विद्यार्थ्यांच्या पुष्कळ चुका याच ठिकाणी होतात.

रूपे : नमुन्यादाखल ‘आले’ (जाणे) हे नित्याचे क्रियापद घेतले आहे. ते एत्र घेते. झेते आले (मी गेलो होतो, गेले होते), त्यु एते आले (तू), इल एते आले (तो), एल एते आले (ती), नूझेत्यों आले (आम्ही, आपण), व्हूझेत्ये आले (तुम्ही), इल्झेते आले (ते), एल्झेते आले (त्या). ‘एते’ कर्त्यानुसार तीन तऱ्हांनी लिहितात, उच्चार एकच. धातुसाधिताचीही तीच गत : स्त्रीलिंगी कर्त्यासाठी ‘ई’ आणि अनेकवचनासाठी ‘एस’ ही रोमन अक्षरे शेवटी लागतात, पण ती कानावर पडत नाहीत. मराठीत गेला, गेली, गेल्या हा फरक ऐकू येतो, म्हणून श्रुतलेखनात आपला विद्यार्थी गाफील राहतो. वाक्याचा कर्ता कोण हे आधी ठरवल्याशिवाय ‘आले’ बरोबर लिहिता येत नाही. काळजीपूर्वक वाचताना दोन शब्दांमधला ‘त’ जागा होतो (इल एतेताले), रोजच्या बोलण्यात तो बहुधा गळतो.

एत्र घेणारी क्रियापदे थोडीच आहेत : येणे, जाणे, निघणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे आणि अशीच आणखी काही. कर्मकर्तरी (स्वतःवर होणारी) क्रियापदेही एत्रच घेतात. बाकी सर्व आव्वारकडे जातात. ‘मोंते’ (चढणे) एत्र घेते, पण पेटी वर नेली असे म्हणायचे असेल तर त्यालाच आव्वार लागते.

उपयोग : या काळाला भूतकाळातला एक टेकू लागतो. गाडी सुटली तेव्हा ती मुलगी आधीच स्टेशनावर पोहोचली होती, या वाक्यात ‘सुटली’ हा टेकू आहे आणि ‘पोहोचली होती’ला प्ल्यु-क-पार्फे येईल. मराठी मात्र टेकू नसतानाही ‘होतो’ सहज वापरते. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे आपले साधे, पूर्ण वाक्य आहे. जाऊन परत आलो, एवढेच त्यात सुचवायचे असते. फ्रेंचमध्ये तिथे पासे काँपोझे (संयुक्त भूतकाळ) लागतो : ‘झ स्वीझाले’. ‘झेते आले’ म्हटले तर ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो. शब्दाला शब्द जुळवून शिकवणाऱ्या पुस्तकांत हा भेद दाखवला जात नाही. तो पहिल्याच धड्यात दाखवायला हवा. उलट ‘झ त लाव्हे दी’ (तुला सांगितलं होतं!) अशा वाक्यांत टेकू अध्याहृत असतो, आणि तिथे दोन्ही भाषा एकत्र येतात.

‘सी’ (जर) नंतरही हाच काळ येतो : माहीत असते तर गेलो नसतो, यातील पहिल्या अर्ध्यात फ्रेंच प्ल्यु-क-पार्फे वापरते आणि संकेतार्थ दुसऱ्या अर्ध्यासाठी राखून ठेवते. मराठीत ‘असते’ दोन्हीकडे येत असल्याने इथे घसरणे सोपे आहे. फ्रेंच मुलेही घसरतात; ईव्ह रोबेर यांच्या ‘ला गेर दे बुताँ’ (१९६२) या चित्रपटातील छोट्या प्ती झिब्युसचे गाजलेले वाक्य याच चुकीचे आहे. नम्र विनंतीतही हा काळ येतो.

इतिहास : लॅटिनमध्ये पूर्वभूतकाळ एकाच शब्दात सांगता येत असे. फ्रेंचने ती रूपे टाकली, पण टाकण्यापूर्वीचे काही अवशेष ‘संत युलालीचे स्तोत्र’ या सुमारे ८८० च्या २९ ओळींच्या रचनेत सापडतात. हे हस्तलिखित होफमान फोन फालर्सलेबेन या जर्मन कवी-अभ्यासकाला १८३७ मध्ये व्हालांस्येनच्या ग्रंथालयात मिळाले. त्यातील ‘आउरेत’ हे रूप लॅटिन ‘हाबुएरात’पासून, ‘फुरेत’ हे ‘फुएरात’पासून आले, ‘व्होल्द्रेत’ हे त्याच जातीचे. घडण पूर्वभूतकाळाची असली तरी अर्थ साध्या भूतकाळाचा आहे, निदान बहुतेक ठिकाणी. काही रूपांच्या अर्थाविषयी एकमत नाही. एवढ्या लहान रचनेत एक अख्खी रूपपद्धती मावळताना दिसते, म्हणून रोमान्स भाषांच्या अभ्यासात तिचे मोल फार मोठे आहे. पोर्तुगीजने एकशब्दी रूप आजवर लेखनात टिकवले आहे, त्यामुळे गोव्यात जुन्या शाळांतून पोर्तुगीज शिकलेल्यांना ते परके नव्हते.

आजचे जोडरूप ‘पत्र लिहिलेले माझ्याजवळ होते’ अशा लॅटिन रचनेतून आले. तिथे धातुसाधित हे पत्राचे विशेषण होते. संस्कृतातील ‘मया पत्रं लिखितम्’मधून मराठीचा कर्मणी प्रयोग आला, त्याचेही मूळ असेच आहे. मराठीने धातुसाधिताची कर्माशी असलेली ही सुसंगती कर्मणी प्रयोगात पाळली : पत्र लिहिले होते, चिठ्ठी लिहिली होती. फ्रेंचने ती अर्धवट ठेवली. कर्म क्रियापदानंतर असेल तर ‘झाव्हे एक्रि’. कर्म आधी आले तर ‘ला लेत्र क झाव्हे एक्रित’ (मी लिहिलेली होती ती चिठ्ठी), आणि इथे शेवटचा ‘त’ ऐकूही येतो. सोळाव्या शतकात कवी क्लेमां मारो याने इटालियनचा दाखला देऊन या नियमाचा पुरस्कार केला. १९०० च्या फ्रेंच सरकारी हुकुमाने ही सुसंगती न पाळण्याची दिलेली सवलत १९०१ च्या हुकुमात आखडली. २०१८ मध्ये बेल्जियमच्या दोन माजी शिक्षकांनी आव्वारबरोबरची सुसंगती रद्द करावी अशी जाहीर मागणी केली. त्यावर मोठी चर्चा झाली.

पासे आंतेरियर : याच अर्थाचा, केवळ ग्रंथभाषेतला काळ.

संशयार्थी पूर्वभूतकाळ : बोलीतून लुप्त.