दोन धावांची कारणमीमांसा

पराभवाचा विषय निघाला की मराठी माणसाचे मन आपोआप पानिपताकडे वळते. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, भाऊसाहेब हत्तीवरून खाली उतरले नसते तर काय झाले असते, या प्रश्नांत आपल्या कित्येक पिढ्या रमल्या आहेत. गोळी आणि हत्ती ही डोळ्यांपुढे चटकन उभी राहणारी चित्रे होत. उलट, १४ जानेवारी १७६१ च्या त्या दुपारपूर्वी तुटलेली रसद, अडलेली दक्षिणेची वाट आणि सैन्याबरोबर आलेल्या बिनलढाऊ माणसांची उपासमार ही कारणे नीरस असल्यामुळे ती इतिहासकारांच्या ग्रंथांत राहिली आणि गोळी मात्र लोकांच्या तोंडी बसली. अखेरच्या घटकेला जे घडले तेच पराभवाचे कारण, असे समजण्याचा हा मोह रणांगणापुरताच मर्यादित नाही. मुंबईच्या क्रिकेटच्या इतिहासात त्याचे एक ठळक उदाहरण सापडते, आणि त्याचा विचार करण्यासाठी आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

हे उदाहरण १९९०-९१ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचे. ३ ते ७ मे १९९१ या पाच दिवसांत चर्चगेटजवळच्या वानखेडे क्रीडांगणावर मुंबई व हरयाणा हे संघ परस्परांशी भिडले आणि मुंबई अवघ्या दोन धावांनी हरली. पानिपत हे गावही त्या हरयाणातच आहे, हा केवळ योगायोग. त्याला आम्ही यापुढे राबविणार नाही.

या सामन्यात मुंबईचे पारडे जड मानले जात होते आणि तसे मानण्यास सबळ आधार होता. १९३४-३५ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिला मान मुंबईने मिळविला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे करंडक या शहरातच राहिला. १९८४-८५ च्या विजयाबरोबर मुंबईच्या खाती तीस विजेतीपदे जमा झाली होती. हरयाणाच्या खाती एकही नव्हते. तो संघ एकदाच, १९८५-८६ मध्ये, अंतिम फेरीत पोचला होता व दिल्लीकडून हरला होता. शिवाय मैदान मुंबईचे, प्रेक्षक मुंबईचे, आणि संघात दिलीप वेंगसरकरांसारखा लॉर्ड्सवर तीन कसोटी शतके ठोकलेला फलंदाज. ज्याच्याविषयी साऱ्या देशात कुतूहल होते तो सचिन तेंडुलकर हा तरुणही त्या संघात होता. सामना सुरू होण्यापूर्वी नऊच दिवस आधी त्याला अठरा वर्षे पूर्ण झाली होती.

सामन्याचा शेवट कसा झाला हे गिरगावपासून दादरपर्यंत कोणीही सांगेल. शेवटच्या दिवशी विजयासाठी मुंबईला ३५५ धावा हव्या होत्या. ३४ धावांतच तीन गडी बाद झाले. मग वेंगसरकर व तेंडुलकर यांनी १३४ धावांची भागी केली. तेंडुलकरांच्या ९६ धावा केवळ ७५ चेंडूंत निघाल्या. त्यांच्यामागून आलेल्या विनोद कांबळी यांनी ४५ धावा केल्या. पुढे गडी पडत गेले आणि नववा बाद झाला तेव्हा फलकावर ३०५ धावा होत्या. शेवटचा गडी अ‍ॅबी कुरुविला हा उंचापुरा जलदगती गोलंदाज. मुंबईकडून खेळण्याचा त्याचा तो पहिलाच मोसम. वेंगसरकरांचे पाय आखडले होते, त्यामुळे त्यांच्या वतीने धावण्यासाठी लालचंद राजपूत मैदानावर आले होते. या विचित्र त्रिकुटाने ४७ धावा जोडल्या. तीन धावा उरल्या असता कुरुविला धावचीत झाले. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि त्यांना अश्रू आवरले नाहीत.

एखाद्या शोकांतिकेतील अखेरच्या अंकासारखा हा प्रसंग आहे, हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु तो इतका प्रभावी ठरल्यामुळेच सामन्याचे बाकीचे चार दिवस लोकांच्या स्मृतीतून जवळजवळ पुसले गेले. पराभवाचे कारण विचारावे तर कोणी ती फसलेली धाव सांगतो, कोणी दुसऱ्याच्या पायांनी धावण्यात होणारा घोटाळा सांगतो, कोणी तेंडुलकर आणखी अर्धा तास टिकते तर, असे म्हणून उसासा टाकतो. ही सारी मंडळी एकाच डावाविषयी बोलत असतात. क्रिकेटच्या सामन्यात डाव चार असतात.

आता धावफलक आरंभापासून पाहावा. हरयाणाने पहिल्या डावात ५२२ धावा केल्या. त्यांत दीपक शर्मा यांच्या एकट्याच्या १९९ होत्या. मुंबईने ४१० धावांनी उत्तर दिले. हरयाणाचा दुसरा डाव २४२ धावांत आटोपला आणि मुंबईचा ३५२ धावांत. म्हणजे मुंबईने या सामन्यात एकूण ७६२ धावा केल्या. इतक्या धावा करणाऱ्या संघाच्या फलंदाजांना दोष कसा द्यावा? पहिल्या डावातील ४१० ही संख्याही एरवी सामना जिंकून देणारी. ती अपुरी पडली, कारण प्रतिपक्षाला ५२२ धावा करू दिल्या गेल्या.

येथे रणजी स्पर्धेचा एक नियम ध्यानात घेणे अवश्य आहे, कारण आमच्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी त्याचा करंडक. हरयाणाजवळ ११२ धावांची आघाडी होती. अर्थात शेवटच्या दिवशी कपिल देव यांच्या संघाला जिंकण्याची गरजच नव्हती. सूर्यास्तापर्यंत हरले नाहीत की पुरे. उलट मुंबईला अनिर्णित सामना आणि पराभव यांत काहीही अंतर उरले नव्हते. एरवी ३४ धावांत तीन गडी गमावलेला संघ सावरून, खेळपट्टीवर नांगर टाकून दिवस काढतो. मुंबईचे फलंदाज तर या कलेबद्दल प्रसिद्धच. ‘खडूस’ हे विशेषण त्यांना उगाच मिळालेले नाही. पण त्या दिवशी ती कला निरुपयोगी होती. तेंडुलकरांनी चेंडूमागून चेंडू सीमापार धाडला तो तरुणपणाच्या उतावळेपणाने नव्हे; दुसरा मार्गच शिल्लक नव्हता. आणि कुरुविला यांच्यासारख्या अकराव्या खेळाडूला नुसते उभे राहून संघ वाचविण्याची मुभा नव्हती, त्याला धावणे भागच होते. ज्या धोक्यात तो सापडला तो धोका हरयाणाच्या पहिल्या डावातच तयार करून ठेवलेला होता.

कोणी आक्षेप घेईल की, याच गोलंदाजांनी हरयाणाचा दुसरा डाव २४२ धावांत गुंडाळला, मग त्यांना दुबळे कसे म्हणावे? आक्षेप योग्य आहे, परंतु अपुरा आहे. आघाडी हाती असलेल्या संघाला दुसऱ्या डावात धावांइतकाच वेळही मोलाचा असतो, आणि प्रत्येक तास त्याच्याच पदरात पडत असतो. २४२ धावा थोड्या असतील, पण त्यांनी मुंबईला शेवटच्या दिवसात कोंडले. शिवाय हा प्रकार एकट्या १९९१ चा नव्हे. १९८२-८३ च्या अंतिम सामन्यात याच वानखेडेवर मुंबईने पहिल्या डावात ५३४ धावा केल्या होत्या. कर्नाटकाने ५५१ केल्या आणि पहिल्या डावातील सतरा धावांच्या आघाडीवर करंडक नेला. ५३४ धावा करूनही हरणारा संघ आपल्या पराभवाची चौकशी फलंदाजांकडे करू लागला, तर त्याला उत्तर मिळण्याचा संभव नाही.

मुंबई गोलंदाजीत पूर्वीपासूनच उणी होती काय? मुळीच नाही. पंधरा वर्षांच्या त्या साम्राज्याचा पाया रमाकांत देसाई यांनी घातला. १९५८-५९ च्या मोसमात या ठेंगण्या जलदगती गोलंदाजाने रणजी स्पर्धेत ५० बळी घेतले. त्या साम्राज्याचा अखेरचा विजयही गोलंदाजाचाच. १९७२-७३ चा अंतिम सामना मद्रासला झाला. फिरकीला साथ देणाऱ्या त्या खेळपट्टीवर मुंबईच्या दोन डावांत अनुक्रमे १५१ व ११३ एवढ्याच धावा झाल्या, तरी तामिळनाडूला ८० व ६१ धावांत उखडून मुंबई सहज जिंकली. शिवाजी पार्कच्या पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले होते. १५१ धावा करून जिंकणारी मुंबई आणि ५३४ धावा करून हरणारी मुंबई यांच्यामध्ये केवळ दहा वर्षांचे अंतर आहे.

शिवलकरांना कसोटी सामना कधीच मिळाला नाही. बिशनसिंग बेदी यांच्या काळात जन्मल्याचे ते प्रायश्चित्त, असे म्हणतात. पण याहून बोलकी गोष्ट दुसरीच आहे. १९८०-८१ नंतर निवृत्त झालेल्या या गोलंदाजाला १९८७-८८ मध्ये मुंबईने रणजी सामन्यांसाठी परत बोलाविले. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते. ज्या शहराच्या मैदानांवर शेकडो मुले रोज सकाळ-संध्याकाळ खेळतात, त्या शहराला डावखुऱ्या फिरकीसाठी सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाकडे जावे लागले, यात त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव तर आहेच. पण मागून कोणी तयार झाले नाही याची कबुलीही आहे. १९९१ च्या पराभवाची तारीख खरोखर शोधावयाची तर आम्ही येथेच शोधू.

ही ओढ का लागली असावी? परळ-लालबागच्या चाळींमधील चौकात किंवा गिरगावच्या एखाद्या वाडीत मुलांचा खेळ क्षणभर उभे राहून पाहावा. गोलंदाजी ही तेथे फलंदाजी मिळेपर्यंत भरावयाची पट्टी असते. चेंडू शेजारच्या गच्चीवर गेला की बाद, खिडकीची काच फुटली तर त्याहून वाईट. म्हणून चेंडू जमिनीलगत व सरळ बॅटीने खेळण्याचे शिक्षण आपोआप मिळते. जलद गोलंदाजाला लागणारी वीस पावलांची धाव मात्र त्या चौकात मावत नाही. तेथून मूल शिवाजी पार्कला किंवा आझाद मैदानाला जाते, शालेय ढालींच्या सामन्यांत खेळते, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्याचे नाव कशासाठी येते? शतकासाठी. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमाच्या तेंडुलकर व कांबळी यांनी सेंट झेव्हियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागी केली, हे मुंबईतील शाळकरी मुलालाही पाठ आहे. त्याच सामन्यात कांबळी यांनी ३७ धावांत ६ बळीही घेतले, हे आम्ही अनेक जाणत्या रसिकांना विचारून पाहिले. ठाऊक असलेला क्वचितच भेटला.

मुंबईच्या क्रिकेटच्या धुरिणांना हे दिसत नव्हते असे नाही. १९९० च्या सुमारास इंग्लंडचे पूर्वीचे जलदगती गोलंदाज फ्रँक टायसन यांना आणून मफतलाल उद्योगसमूहाच्या साहाय्याने गोलंदाज घडविण्याची योजना आखण्यात आली. कुरुविला त्याच शाळेतले. पण गोलंदाज एका मोसमात पिकत नाही. आणि धावांची भूल तर जबरदस्त. त्याच १९९०-९१ च्या मोसमात हैदराबादविरुद्ध मुंबईने ६ बाद ८५५ धावा रचल्या, त्यांत संजय मांजरेकर यांच्या ३७७ होत्या. अशा धावसंख्येकडे पाहिल्यावर आपल्याला काही उणे आहे हे कोणाच्या ध्यानात यावे?

हरयाणाची जडणघडण याच्या नेमकी उलट. त्या प्रांताचा पहिला मोठा खेळाडू राजिंदर गोयल हा शिवलकरांसारखाच डावखुरा फिरकी गोलंदाज आणि त्यांच्यासारखाच कसोटीविना राहिलेला. रणजी स्पर्धेत ६३७ बळी घेण्याचा विक्रम त्याचा. (२०१७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने या दोघांना कर्नल सी. के. नायडू पुरस्कार एकाच वेळी दिला, हे फार उचित झाले.) गोयलांमागून कपिल देव, त्यांच्यामागून चेतन शर्मा. या प्रांतातील मुलाने हातात चेंडू घेतला तो बॅट मिळेपर्यंत वाट पाहण्यासाठी नव्हे. गोलंदाजांच्या या प्रांतालाही अमरजित केपी यांच्यासारखा धावांचा सातत्याने रतीब घालणारा फलंदाज लाभला आणि अंतिम सामन्यात ५२२ धावा करण्याइतके बळ आले, तेव्हा करंडक दूर राहिला नाही.

मुंबईनेही पुढे चूक भरून काढली. १९९३-९४ व १९९४-९५ असा लागोपाठ दोनदा करंडक पुन्हा शहरात आला, आणि तोपर्यंत टायसन यांच्या हाताखालून गेलेले गोलंदाज हाती लागू लागले होते. कुरुविला १९९७ मध्ये भारताकडून दहा कसोटी सामने खेळले व त्यांत त्यांनी पंचवीस बळी घेतले. तरीही त्यांचे नाव निघाले की आजही दादरच्या कट्ट्यावर पहिला उल्लेख होतो तो त्या धावचीत होण्याचाच. दीपक शर्मा यांच्या १९९ धावांचा कोणी उल्लेख करीत नाही.