रुळावरच्या दगडांआधी

'शोले' (१९७५) मारामारीने सुरू होत नाही. एका स्टेशनवर गाडी थांबते, जेलर उतरतो आणि रामलालबरोबर घोड्यावरून ठाकूरच्या घरी जातो. ठाकूरला जय आणि वीरू हवे असतात. का, ते सांगताना तो एक जुना प्रसंग सांगतो: मालगाडी, बेड्या घातलेले दोन चोर, घोड्यांवरून आलेले डाकू. पनवेलच्या बाजूला चित्रित झालेली ही झटापट अजूनही लोकांना पाठ आहे.

इथे सलीम-जावेद दोन गोष्टी करतात. जय-वीरू चोर आहेत हे आपल्याला माहीत असतं, पण जखमी पोलिसाला टाकून ते पळत नाहीत, हे आपण डोळ्यांनी बघतो. इथून पुढे ते आपले. दुसरी गोष्ट म्हणजे शाल. गाडीतल्या ठाकूरला हात आहेत, जेलरसमोरच्या ठाकूरने शाल पांघरली आहे. त्या शालीखाली काय नाही, हे कळायला अर्धा सिनेमा जातो.

घटना घडल्या तो क्रम एक, आणि सांगितल्या जातात तो दुसरा. शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या श्क्लोव्स्की आणि त्याच्या बरोबरच्या अभ्यासकांनी या दोहोंना वेगळी नावं दिली: 'फाब्युला' आणि 'स्यूझेत'. पुढे तोदोरोवने कथेचा साधा आराखडा मांडला: आधी सगळं स्थिर असतं, मग काहीतरी बिघडतं, शेवटी नवी घडी बसते. मग प्रश्न येतो, 'बिघडलं' ते नेमकं कधी? उत्तर बदललं की नायक बदलतो.

पनवेल सोडून ताम्हिणी घाटाने वर आलं की पुण्याकडे जाताना मुळशी धरणाचं पाणी लागतं. या खोऱ्यातही एक गाडी अडवली गेली होती, तीही खरीखुरी. १९२४ साली पांडुरंग महादेव बापट आणि त्यांचे मोजके साथीदार हत्यारं घेऊन निघाले. त्यांनी रुळांवर दगड ठेवले आणि धरणाच्या कामाची गाडी थांबवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली.

गोष्ट इथून सुरू केली तर बापट म्हणजे गाडीवर हल्ला करणारा माणूस. कोर्टाला एवढी सुरुवात पुरते.

आता तीन वर्षं मागे जाऊ. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणासाठी सरकार शेतकऱ्यांची जमीन संपादित करून देत होतं आणि पन्नासच्या आसपास गावांवर पाणी येणार होतं. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. हळूहळू तुरुंग भरले, लढा थकला, धरण मात्र वर येत गेलं. इथून सुरू केलेल्या गोष्टीत रुळांवरचे दगड शेवटच्या अंकात येतात, आणि बापट 'सेनापती' होतात. लोकांनी त्यांना हेच नाव दिलं.

पण ही सुरुवातही पूर्ण नाही. धरणाआधीचं खोरं काही सुखात नव्हतं. बरीच जमीन सावकारांकडे गेली होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांना लढ्यापेक्षा नुकसानभरपाई सोयीची वाटत होती. तोदोरोवचं 'आधी सगळं स्थिर' इथे कुळाला विचारलं असतं, तर त्याने वेगळीच गोष्ट सुरू केली असती.

२०१८ मध्ये प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आला. त्यात कोयते आहेत, पाठलाग आहेत, टोळीयुद्ध आहे. पण राहुल्याच्या गुन्ह्याचा हिशेब लागतो तो त्याच्या बापाने विकलेल्या जमिनीपासून. गुन्हे माफ होत नाहीत, राहुल्या त्यांची किंमत मोजतोच. फक्त 'हा असा का झाला?' या प्रश्नाला एक तारीख मिळते, आणि ती पहिल्या खुनाच्या बरीच आधीची असते.

रोज आपल्या फोनवर वीस सेकंदांचे व्हिडिओ येतात. पहिल्याच फ्रेममध्ये कुणीतरी दगड उचललेला असतो, आणि त्या माणसाबद्दलचं आपलं मत तिथेच पक्कं होतं. तो दगड खोटा नसतो, मुळशीतलेही नव्हते. पण व्हिडिओ तिथूनच कुणी सुरू केला आणि त्याआधीची तीन वर्षं कुणी कापली, हे विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नये.